शेजारधर्म : नागपाड्यातील एका घराची गोष्ट

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)





मी काही विद्वान नाही. बी.ए., बी.एड. होऊन गेली बारा वर्षे मराठी आणि इतिहास शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. चिटणीससाहेबांनी मला 'शिक्षण आणि समाजसेवा' या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा माझ्या मनात प्रथम आपल्या थोर पुरुषांचीच नावे आली. परंतु ती नावे आपण दरवर्षी ऐकता. म्हणून आज मी आपणांस आपल्या समाजाची नव्हे, तर दुसऱ्या एका समाजाची गोष्ट सांगणार आहे. ती ख्रिस्ती लोकांची आहे. मुसलमानांच्या संस्थेच्या मेळाव्यात पाद्री लोकांची गोष्ट कशाला, असे काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. तोपर्यंत थोडा सबूर करावा, एवढीच विनंती.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. माझे थोरले चाचा १९६३ साली मुंबईस गेले. आपल्या कोकणातून त्या काळी जसे सारे तरुण जात तसेच गेले. अंगावर एक जोड, हातात पत्र्याची पेटी आणि उतरावयास गावच्या जमातीची खोली. त्या एका खोलीत अठरा-वीस माणसे राहत. कोणी गोदीत कामाला, कोणी बोटीवर चढण्याची वाट पाहत बसलेले. पेट्या भिंतीला लावलेल्या आणि झोपावयास पाळ्या लावलेल्या. चाचा दिवसा एका दुकानात काम करीत व रात्रशाळेत शिकत. अभ्यासाला जागा कोठून मिळणार? खोलीत दिवा लावला की रात्रपाळीहून आलेल्याची झोप मोडे. रस्त्याच्या दिव्याखाली बसावे तर गर्दी आणि गोंगाट.

तेव्हा कोणीतरी त्यांना नागपाड्यातील एका घराचा पत्ता दिला. ते घर कोणा एका कुटुंबाचे नव्हते, सगळ्या वस्तीचे होते. त्याचे नावच मुळी 'नागपाडा नेबरहुड हाउस', म्हणजे शेजाऱ्यांचे घर. चाचा तेथे जाऊन बसू लागले. वर्तमानपत्र वाचीत, आपले पुस्तक उघडून अभ्यास करीत, कधी मुलांचा खेळ पाहत उभे राहत. ते घर ख्रिस्ती मिशनचे आहे, हे त्यांना ठाऊक होते आणि पहिले काही दिवस ते जरा बिचकतच होते. पण आम्हां मुलांना ही हकीकत सांगताना ते एक वाक्य नेहमी सांगत, "दोन वर्षे गेलो, पण तुझा धर्म कोणता असे तेथे मला कोणी एकदाही विचारले नाही." चाचा एस.एस.सी. झाले, नोकरीला लागले, आणि त्यांनी आपल्या भावंडांना शिकविले. त्या भावंडांतले एक माझे वडील. म्हणजे आज मी आपणांपुढे जो उभा आहे, त्याच्या पायाचा एक दगड त्या घरात आहे.

हे घर कोणी उभारले आणि का उभारले, हे पाहण्याआधी थोडे मागे जावे लागेल. ख्रिस्ती लोक आपल्या जमातीला 'मंडळी' म्हणतात आणि तिच्या प्रमुखास 'पाळक'. मंडळीने रविवारी उपासना करावी आणि घरी जावे एवढ्याने भागत नाही, तर जेथे आपले उपासनामंदिर आहे त्या वस्तीचे आपण काही देणे लागतो, ही जाणीव त्यांच्यात कशी वाढली याची एक जुनी गोष्ट आहे. ती जर्मनीतली आहे.

मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ साली जी धर्मसुधारणेची चळवळ सुरू केली, तिच्यातून ल्यूथरपंथीय ख्रिस्ती मंडळ्या निर्माण झाल्या. ल्यूथर यांची शिकवण अशी की, मनुष्याचा उद्धार श्रद्धेने होतो, चांगल्या कर्मांच्या मोबदल्यात तो विकत घेता येत नाही. ऐकणाऱ्यास वाटेल, मग चांगले कर्म करावेच कशाला? त्यावर त्यांचे उत्तर असे की, तुझ्या सत्कर्माची ईश्वरास गरज नाही, ती तुझ्या शेजाऱ्यास आहे. आपला अकीदा निराळा आहे, आणि त्या धर्मशास्त्रीय वादात शिरण्याचा माझा अधिकारही नाही. पण सेवा करून आपण कोणावर उपकार करीत नाही, हा त्यातला मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

या पंथाचे एक पाळक होते, ऑगुस्ट हेर्मान फ्रांके. १६९२ साली ते हाले शहराला लागून असलेल्या ग्लाउखा नावाच्या वस्तीत आले. वस्ती गरीब आणि दारूच्या गुत्त्यांनी भरलेली होती. आठवड्यातून एकदा गोरगरीब त्यांच्या दाराशी भाकरी मागावयास येत. फ्रांके भाकरी देत आणि मुलांना दोन प्रश्न विचारीत. मुलांना काहीच येत नाही हे पाहून त्यांनी शाळेची फी देऊन पाहिली. पैसे संपले, पण मुले शाळेत गेली नाहीत. मग १६९५ च्या सुमारास त्यांनी आपल्या घरात एक दानपेटी लावली. एके दिवशी तिच्यात ४ थालेर १६ ग्रोशेन एवढे नाणे एकदम मिळाले. रक्कम मोठी नव्हती, पण तेवढ्यावर त्यांनी पुस्तके घेतली, एका गरीब विद्यार्थ्यास रोज दोन तास शिकविण्यासाठी नेमले आणि घरातच गरीब मुलांची शाळा सुरू केली.

आता शिक्षक मित्रांसाठी एक गंमत सांगतो. फ्रांके यांनी २७ मुलांना नवी कोरी पुस्तके दिली. त्यांपैकी परत आली फक्त ४! बाकीची मुले पुस्तकांसह पसार. एखादा असता तर म्हणाला असता, "या लोकांचे हे असेच. यांच्यासाठी काही करण्यात अर्थ नाही." फ्रांके यांनी पुन्हा पुस्तके घेतली आणि नियम केला की, शिकून झाल्यावर पुस्तके वर्गातच ठेवून जावयाचे. तक्रार केली नाही, व्यवस्था सुधारली. पुढे १६९८ साली अनाथालयाच्या इमारतीचा पाया घातला गेला आणि १७२७ साली फ्रांके वारले तेव्हा त्यांच्या शाळांतून दोन हजारांहून अधिक मुले शिकत होती. याच हालेत शिकलेले बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग १७०६ साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीस उतरले आणि त्यांनी तेथे शाळा काढल्या, छापखाना चालविला. भारतातील ल्यूथरपंथीय मंडळ्यांचा आरंभ तेथून होतो.

आपल्या मराठी मुलखात आलेले मिशनरी ल्यूथरपंथीय नव्हते, पण त्याच प्रॉटेस्टंट परंपरेतले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. त्यांच्यातून 'अमेरिकन मराठी मिशन' उभे राहिले. या मिशनने मुलामुलींच्या शाळा काढल्या, मराठी छापखाना चालविला. सिंथिया फरार नावाच्या बाई १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. महात्मा जोतीराव फुले यांनी ती शाळा पाहिली होती. तसेच आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक याच मिशनच्या परिवारात काम करीत होते. सांगावयाचे एवढेच की, हे लोक आपणांस अगदीच परके नाहीत.

आता नागपाड्याकडे वळू. १९२५ साली या मिशनने मुंबईच्या गरीब वस्तीत काम करावयाचे ठरविले आणि त्यासाठी क्लिफर्ड मॅन्शार्ड नावाचे शिकागोत शिकलेले तरुण पाद्री आले. मुंबईत वस्त्या पुष्कळ होत्या. त्यांनी निवडला नागपाडा. आपणांपैकी अनेकांचे नातेवाईक भायखळा, मदनपुरा, नागपाडा या भागांत राहिले आहेत, म्हणून मी अधिक वर्णन करीत नाही. मुसलमान, यहुदी, हिंदू, ख्रिस्ती असे सर्व तेथे दाटीवाटीने राहत. गरिबी होती, जुगार होता आणि शेजारीच कामाठीपुऱ्याची दुर्दैवी वस्ती होती. मुलांना खेळावयास जागा नाही, आजाऱ्याला औषध नाही आणि तरुणाला संध्याकाळी जावयाला चांगले ठिकाण नाही, अशी स्थिती.

लंडनमध्ये १८८४ साली 'टॉयन्बी हॉल' आणि शिकागोत १८८९ साली जेन अ‍ॅडम्स यांचे 'हल हाउस' अशी घरे निघाली होती. गरिबांना लांबून मदत पाठविण्याऐवजी त्यांच्या वस्तीतच जाऊन राहावे, त्यांचे शेजारी व्हावे आणि त्यांच्या बरोबरीने वस्ती सुधारावी, ही त्यामागची कल्पना. मॅन्शार्ड यांनी ती नागपाड्यात आणली आणि १९२६ साली 'नागपाडा नेबरहुड हाउस' सुरू झाले. दवाखाना, वाचनालय, लहान मुलांचा वर्ग, व्याख्याने, खेळ आणि व्यायाम हे सर्व एका छपराखाली आले.

परंतु, बंधूंनो, येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून मी पुढे गेलो तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या वाडवडिलांना मिशनच्या शाळेची आणि दवाखान्याची भीती वाटे. "औषध देतील आणि ईमान घेतील," असे म्हातारी माणसे म्हणत. ही भीती निराधार होती काय? नव्हती. मिशनऱ्यांचा एक प्रमुख हेतू धर्मप्रसार हाच होता आणि तो त्यांनी कधी लपविला नाही. शाळेत बायबलचा तास असे, दवाखान्यात प्रार्थना असे. फ्रांके यांच्या शाळेतही पंथाची शिकवण सक्तीचीच होती. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांस मी दोष देत नाही.

पण याच मिशनच्या माणसाने नागपाड्यात एक निराळी वाट धरली. सेवा हे धर्मांतराचे आमिष असू नये, ही भूमिका मॅन्शार्ड यांनी उघडपणे मांडली. स्वतः ते श्रद्धावान ख्रिस्ती होते. आपला धर्म त्यांनी लपविला नाही आणि दुसऱ्याचा धर्म बदलण्यास आपल्या दवाखान्याचे औषध वापरले नाही. विचार करा, हे किती अवघड आहे! पैसे देणारे अमेरिकेतले भाविक लोक. ते विचारणारच, 'इतका खर्च झाला, किती माणसे आपल्या धर्मात आली?' त्यांना सांगावयाचे की, माणसे मोजणे हे आमचे काम नाही, शेजाऱ्याचे मूल बरे झाले हेच आमचे फळ. याला मनाची मोठी ताकद लागते. माझ्या चाचांना दोन वर्षांत कोणी धर्म विचारला नाही, तो काही योगायोग नव्हता. त्या घराच्या पायातच ते धोरण घातलेले होते.

त्या काळाची मुंबईही लक्षात घ्या. १९२९ आणि १९३२ साली त्या शहरात भयंकर दंगली झाल्या. जातीय तणाव रोजचा झाला होता. अशा दिवसांत मॅन्शार्ड यांनी हिंदू-मुस्लिम प्रश्नाचा अभ्यास केला आणि १९३६ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. एका पाद्र्याला या भांडणात लक्ष घालण्याचे कारण काय? कारण एवढेच की, भांडणारे दोघेही त्याचे शेजारी होते.

या छोट्याशा घरातून पुढे काय उगवले ते ऐका. काम करता करता मॅन्शार्ड यांच्या लक्षात आले की, नुसत्या चांगल्या मनाने समाजसेवा होत नाही. तिलाही शिक्षण लागते. वस्तीची पाहणी कशी करावी, कुटुंबाची अडचण कशी समजून घ्यावी, संस्था कशी चालवावी, हे शिकावे लागते. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या विश्वस्तांना ही कल्पना पटली आणि १९३६ साली नागपाड्याच्या त्याच घरात 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. मॅन्शार्ड त्याचे पहिले संचालक होते. हेच स्कूल १९४४ साली 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झाले आणि १९५४ साली देवनारच्या जागेत गेले. आज देशभरातील मुले जेथे प्रवेश मिळविण्यासाठी धडपडतात, त्या संस्थेचा पहिला वर्ग भरला तो नागपाड्याच्या गर्दीत. पैसा पारशी दात्याचा, कल्पना ख्रिस्ती पाळकाची, आणि जेथे विद्यार्थी काम शिकले ती वस्ती बहुतांशी आपल्या लोकांची. हिंदुस्थान म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. बास्केटबॉल हा खेळ आपल्या देशात आणला ख्रिस्ती तरुणांच्या वाय.एम.सी.ए. या संस्थेने. तो ज्या मोहल्ल्यांत मनापासून रुजला त्यांत नागपाड्याचे नाव फार वरचे आहे. त्याच नागपाड्यातील गुलाम अब्बास मुनतसीर हे भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. एकाने आणलेला खेळ दुसऱ्याच्या मुलाने देशासाठी खेळावा, यात कोणाचे काय बुडाले? कोणाचेच नाही. झाला तो सर्वांचा फायदाच.

आता त्या प्रश्नाचे उत्तर देतो, की ही गोष्ट आपणांस कशाला? ते देताना मला माझाच एक कसूर आपणांपुढे कबूल करावा लागेल.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका मोहल्ल्यात संध्याकाळी मुलांचा मोफत अभ्यासवर्ग चाले आणि मी तेथे शिकवावयास जात असे. कोणता मोहल्ला, ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण दोष जागेचा नव्हता. तेथे खिडकीशी रोज एक मुलगा येऊन उभा राही. त्याचा बाप नेपाळचा, मिरकरवाड्याच्या बंदरात एका बोटीवर खलाशी. मुलगा नगरपरिषदेच्या शाळेत सातवीत होता. मराठी छान बोले. तीन दिवस तो खिडकीतून फळ्यावरची गणिते पाहत होता. चौथ्या दिवशी मी त्याला आत बोलाविले. तो आला आणि मागच्या सतरंजीवर बसला. व्याजाचे गणित मी घातले, ते सगळ्यांच्या आधी त्याने सोडविले.

तेवढ्यात वर्गाला मदत करणारे एक सद्गृहस्थ आले. मागे नजर गेली तशी त्यांनी मला विचारले, "मास्तर, हा मुलगा आपल्यापैकी आहे का?" विचारण्यात द्वेष नव्हता. माणूस भला आहे. वर्गासाठी पदरचे पैसे खर्च करणारा आहे. जागा अपुरी होती, म्हणून सहज विचारले असेल. पण मी काय उत्तर दिले? मी म्हणालो, "नाही." एवढेच. खोटे बोललो नाही. मुलाने ते ऐकले. वही मिटली, चप्पल पायात घातली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. मी शोध घेईन घेईन म्हणत राहिलो आणि पावसाळ्याआधी बोटी किनाऱ्याला लागल्या तेव्हा ते कुटुंब निघून गेले. तो मुलगा मला पुन्हा दिसला नाही.

त्या रात्री मला चाचांचे वाक्य आठवले. माझ्या चाचांना परक्यांच्या घरात दोन वर्षे जो प्रश्न कोणी विचारला नाही, तो प्रश्न माझ्या वर्गात एका मुलाला चौथ्या दिवशी ऐकावा लागला. आणि ज्याने त्याला आपले म्हणावयाचे, तो मी गप्प बसलो. मला उत्तर येत नव्हते असे नाही. मी म्हणू शकलो असतो, "होय साहेब, आपल्यापैकीच आहे. आपल्याच गल्लीत राहतो." हे एक वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही, म्हणून आज मी हे सारे भाषण करीत आहे असे समजा.

आपण वाईट लोक आहोत काय? मुळीच नाही. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील मुले चिखल तुडवीत घरोघर भाकरी-पाणी घेऊन गेली. तेव्हा कोणी कोणाची जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. संकट आले की आपणांस माणूस दिसतो. पाणी ओसरले, दारे पुन्हा लागली, की आपणांस नाव दिसू लागते. नागपाड्याच्या त्या घराचे मोठेपण मला यात वाटते की, त्यांनी पुराची वाट पाहिली नाही. रोजच्या साध्या दिवसांत दार उघडे ठेवले.

काही पालक म्हणतील, "मास्तर, आपल्याच मुलांना पुरत नाही, तेथे दुसऱ्यांचे कोठे पाहता?" खरे आहे. आपली गरज मोठी आहे आणि ही संस्था त्यासाठीच निघाली आहे. आपल्या मुलांचा हक्क कमी करा असे मी म्हणत नाही. पण संध्याकाळी सात वाजता शाळेचे वर्ग रिकामे असतात. बाके रिकामी, दिवे बंद. रिकाम्या बाकावर शेजाऱ्याचा मुलगा बसला तर आपल्या मुलाचे काय कमी होईल? उलट आपला मुलगा उद्या पुण्या-मुंबईस शिकावयास जाईल, तेव्हा सर्व तऱ्हेच्या मुलांबरोबर बसण्याची त्याला आधीच सवय असेल.

दुसरे म्हणतील, "अशाने आपली ओळख राहील काय?" मॅन्शार्ड यांची ओळख पुसली गेली काय? मोहल्ल्याने त्यांना पाद्री म्हणूनच ओळखले. जो आपल्या धर्मावर पक्का उभा असतो, त्यालाच दार उघडे ठेवण्याची भीती वाटत नाही. आणि आपणांस हे दुसऱ्यांकडून शिकावे लागावे असेही नाही. कुरआन शरीफात सूरह निसामध्ये जवळच्या शेजाऱ्याबरोबर परक्या शेजाऱ्याशीही भलाईने वागण्याचा हुकूम आहे. हे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माझ्यासारखा मास्तर ते विसरला, म्हणून त्याला नागपाड्याची आठवण काढावी लागली.

आता केवळ भाषण करून मी बसलो तर ते योग्य होणार नाही. म्हणून संस्थेपुढे तीन लहान सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली. शाळेचा एक वर्ग संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिका म्हणून उघडा राहावा. आठवड्याचे तीन दिवस मी स्वतः तेथे बसेन, त्याचे मानधन मला नको. मुलींसाठी लवकरची वेळ आणि शिक्षिका असावी, म्हणजे कोणत्याही घरच्या आई-बापांस काळजी वाटणार नाही.

दुसरी. अभ्यासिकेच्या वहीत तीनच रकाने असावेत : नाव, इयत्ता आणि गल्ली. चौथा रकाना नसावा. आणि फ्रांके यांचा नियम आपणही पाळावा, पुस्तके वर्गातच ठेवून जावीत! २७ तील २३ पुस्तके गेली तरी आपण वर्ग बंद करणार नाही, पण ती जाऊ नयेत अशी व्यवस्था करू.

तिसरी. दाराशी एक पेटी असावी. जकातीचे मसले आलिमांना विचारावेत, त्यात मी बोलत नाही. ही पेटी स्वखुशीच्या मदतीची. हिशेब सोपा आहे. शंभर घरांनी महिन्याला वीस रुपये टाकले तर वर्षाचे २४,००० रुपये होतात. दिवाबत्ती, वर्तमानपत्रे आणि थोडी पुस्तके यांना तेवढे पुरे आहेत. फ्रांके यांची सुरुवात झाली ती ४ थालेर १६ ग्रोशेनवरच.

या कामात आपणांस लगेच यश दिसेल असे नाही. कदाचित पहिल्या महिन्यात चारच मुले येतील, आणि त्यांतली दोन नुसती पंख्याखाली बसावयास येतील. बसू द्यावीत. माझे चाचाही पहिल्या दिवशी नुसते वर्तमानपत्र चाळावयास गेले होते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुम्हांला. तुमच्या शेजारी बसलेल्या मुलाला गणित समजावून द्यावयास तुम्हांला कोणत्याही संस्थेची परवानगी लागत नाही. मोठी माणसे सभा भरवतील, ठराव करतील, तोवर तुम्ही सुरुवात करा. आणि तुम्हांला कोणी विचारले, "हा आपल्यापैकी आहे का?" तर तुमच्या मास्तरासारखे गप्प राहू नका. काय उत्तर द्यावयाचे ते मी आज तुम्हांला सांगून ठेवले आहे.

 अल्लाह आपणां सर्वांस नेक कामाची तौफीक देवो. आमीन.

जय हिंद.